मी न दिलेल्या गोळ्या

हे सुमनच्या परवानगीने लिहितो आहे. सुमन माझी बायको. तिला अंडाशयाचा कॅन्सर झाला होता. तिचे उपचार चालू असताना माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि त्या दिवशी ती माझ्या डोळ्यांदेखत जाता जाता राहिली. परवानगी मागितली तेव्हा ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा. पण सगळं लिहा. अन् स्वतःला लई झोडपत बसू नका, वाचणाऱ्याला कंटाळा येतो. काय झालं ते सांगा, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तसं होणार न्हाई."

तिचं ऐकायचा प्रयत्न करतो. झोडपणं पूर्ण टळेल असं वाटत नाही.

मी देगलूरला एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगतो, कारण या हकिगतीत माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला नाही, अडथळाच झाला.

*

सुरुवात पोट फुगण्यापासून झाली. सुमनला वाटलं गॅस, मलाही वाटलं गॅस. मी ओवा आणला, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, रात्रीचं जेवण लवकर करायला लावलं. एक दिवस ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "अहो, हे काय व्हायलंय? झंपर ढिला होऊन गेला अन् परकराची नाडी पुरंना." दंड बारीक होत होते आणि पोट वाढत होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देगलूरला सोनोग्राफी केली. तिथल्या डॉक्टरांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि नांदेडची चिठ्ठी दिली.

नांदेडच्या डॉक्टरांनी तपासणीचे कागद वाचून सुमनला विचारलं, "सोबत कोण आहे?" मी तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो. मी हात वर केला, वर्गातल्या मुलासारखा. त्यांना वाटलं असावं, आणखी कुणीतरी असेल, जरा खंबीर.

बाहेर पडल्यावर सुमन म्हणाली, भूक लागली. बसस्टँडजवळच्या खानावळीत बसलो. तिने भाकरी-पिठलं मागवलं आणि चवीने खाल्लं. मी पिठल्यात बोट फिरवत बसलो. तिने माझी उरलेली अर्धी भाकरी उचलून आपल्या ताटात घेतली. म्हणाली, "रडायचं असलं तर इथंच रडून घ्या. बसमध्ये नको, अर्धं देगलूर असतंय बसमध्ये."

आमची मुलगी पल्लवी विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. नांदेडलाच होतो, तरी त्या दिवशी तिला भेटलो नाही. तिची परीक्षा चालू होती. सुमन म्हणाली, पेपर होऊ दे.

*

उपचार लातूरला घ्यायचे ठरले, कारण सुमनचा धाकटा भाऊ बालाजी तिथे राहतो. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याने घरातली पुढची खोली आम्हाला दिली, कूलर बसवला, आणि "दाजी, आता इथून हलायचं न्हाई" असं बजावलं. आधी काही केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो, असा बेत होता.

ज्या औषधावर सगळी भिस्त होती, त्याचं नाव इथे लिहीत नाही. प्रत्येकाचं औषध वेगळं असतं, आणि नाव वाचून कुणी घाबरावं हे मला नको आहे. एवढंच सांगतो की हे औषध काही लोकांच्या अंगावर उठतं. ते सोसावं म्हणून आधी तयारी करावी लागते. आदल्या रात्री पाच छोट्या पांढऱ्या गोळ्या आणि पहाटे उठून परत पाच. मग दवाखान्यात गेल्यावर आणखी इंजेक्शनं. आमच्या डॉक्टर मॅडमनी हे मला नीट समजावून सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पहिली केमो सरळ पार पडली. पण सुमनला काही वर्षांपासून साखर आहे. दोन-तीन दिवस तिची साखर अशी चढली की घरच्या मशीनवरचा आकडा मी परत परत तपासला. तिला झोप नाही, तोंड लालबुंद, सारखी तहान. मी मेडिकलवाल्याला त्या गोळ्यांचं पाकीट दाखवलं. तो सहज म्हणाला, "सर, स्टिरॉइड हाय हे. साखर वाढणारच की."

स्टिरॉइड. या शब्दामागे माझ्या घरातली एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

माझी आई गुडघ्यांनी हैराण होती. आमच्या गावाकडच्या आठवडी बाजारात एक डॉक्टर बसायचा. डॉक्टर कसला, बोर्ड तेवढा होता. तो कागदाच्या पुड्या बांधून द्यायचा. पुडी घेतली की आई दुसऱ्या दिवशी शेतात चालत जायची. काही महिन्यांत तिचा चेहरा गोल झाला, आणि बाया म्हणायच्या, म्हातारी बाळसं धरायली. पुड्यांत स्टिरॉइड कुटून घातलेलं असायचं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर साखर आली होती. मग पायाला जखम झाली, बोट गेलं, मग नांदेडला पाऊल काढावं लागलं. त्यानंतर ती फार जगली नाही.

तेव्हापासून मी दर वर्षी नववीच्या वर्गात धडा बाजूला ठेवून एक तास यावर बोलतो. गावात कुणाच्या हातात पुडी दिसली तर हिसकावून घेतली आहे. त्या एका शब्दाशी माझं वैर होतं. आता तोच शब्द माझ्या बायकोच्या गोळ्यांना चिकटला होता, आणि मशीनवर आईच्या वेळचे आकडे दिसत होते. मला सुमनचा पाय दिसायला लागला. कॅन्सर दिसेनासा झाला.

*

दुसऱ्या केमोच्या आदल्या रात्री मी तिला त्या गोळ्या दिल्या नाहीत. त्यांच्या जागी अशक्तपणासाठी दिलेल्या साध्या व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. त्याही पांढऱ्याच होत्या. सुमनने हातात घेऊन पाहिलं.

"या मोठ्या दिसायल्यात."

"कंपनी बदललीय," मी म्हणालो.

ती पाण्याबरोबर गिळून मोकळी झाली. पहाटे परत तेच. खऱ्या गोळ्या मी शर्टाच्या खिशात ठेवल्या होत्या.

मी तिला का सांगितलं नाही, हा प्रश्न मला नंतर खूप लोकांनी विचारला. खरं उत्तर देतो. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मॅडमला विचारू. मॅडमना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, द्या. आणि मला द्यायच्या नव्हत्या. दवाखान्यात दुसरी इंजेक्शनं देतातच, तेवढी पुरतील, अशी मी माझी समजूत घातली. मी तिचा पाय वाचवतोय, अशा अभिमानात होतो. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

*

केमोच्या हॉलमध्ये ओळीने खुर्च्या असतात, पाय लांब करता येतात अशा. काही दिवसांत तिथे शेजारपाजार तयार होतो. सुमनच्या बाजूच्या खुर्चीत बिदरकडच्या एक अक्का असायच्या. त्यांना मराठी जेमतेम येई. सुमनचं आजोळ तिकडचं, त्यामुळे तिला कानडी येतं. "ऊटा आयता?" जेवलीस का, एवढ्या प्रश्नावर दोघींची मैत्री जमली होती. पहिल्या वेळी अक्का आपल्या घरच्या शेंगदाण्याच्या चटणीबद्दल तासभर बोलल्या. दोघींच्याही तोंडाला चव नव्हती, पण ऐकताना सुमनच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

तिथल्या सिस्टर देवणीकडच्या होत्या. बोलायला मोकळ्या, हाताला हलक्या. सुई लावताना त्यांनी विचारलं, "मावशी, रात्रीच्या अन् पहाटंच्या गोळ्या घेतल्या ना?"

"घेतल्या की," सुमन म्हणाली. "पोट गोळ्यांनीच भरलं माझं. आता जेवायला घालू नका."

सिस्टर हसल्या. मी सलाईनच्या स्टँडकडे बघत होतो. बोलायची तीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी बोललो नाही.

इंजेक्शनं झाली. मग मुख्य बाटली लावली. थेंब सुरू झाले. सुमन अक्कांना काहीतरी सांगत होती आणि मधेच थांबली.

"अहो, पाठीत कळ निघाली."

मी पाहिलं तर तिच्या गळ्यापासून तांबडं चढत होतं, बघता बघता कानापर्यंत. तिने छातीवर हात ठेवला. तोंड उघडलं, पण आत हवा जात नाही असं ते तोंड होतं. तिचे डोळे माझ्याकडे लागले होते. त्या डोळ्यांत भीती होती, पण त्याहून जास्त प्रश्न होता. हे काय होतंय, तुम्हाला माहीत असेल, तुम्ही सांगा, असं काहीतरी.

सिस्टरनी आधी थेंब बंद केले आणि मग हाक मारली. दोघं-तिघं धावत आले. खुर्ची आडवी केली, तोंडाला ऑक्सिजन लावला, मांडीत इंजेक्शन दिलं. कुणीतरी "बीपी लागत नाही" असं म्हणालं. मला बाजूला सारून पडदा ओढला. पडद्याखालून मला फक्त धावपळ करणारे बूट दिसत होते. पलीकडच्या खुर्चीत अक्का डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या.

मी खिशावर हात ठेवला. गोळ्या तिथेच होत्या.

बालाजी दुकान टाकून आला. "दाजी, काय झालं?"

"औषध सोसलं नाही तिला," मी म्हणालो.

पुढे बराच वेळ मी हे वाक्य सगळ्यांना सांगत राहिलो. वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते तोंडातून सहज निघायचं.

*

सुमन वाचली. संध्याकाळपर्यंत तिचा श्वास नीट झाला, तांबडेपणा उतरला. रात्रभर लक्ष ठेवायला म्हणून वरच्या मजल्यावर दाखल करून घेतलं. डॉक्टर मॅडम आल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. पलंगाच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, "काहींना या औषधाची अशी रिअ‍ॅक्शन येते. यात कुणाचा दोष नसतो. पण तयारीच्या गोळ्या वेळेवर घेऊनसुद्धा एवढी जोरात आली, म्हणजे तुमचं शरीर हे औषध घेतच नाही असं मी समजते. आता हे बंद. दुसरं देऊ."

"दुसरं एवढंच चांगलं हाय का?" सुमनने विचारलं. आवाज बसला होता.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या आजाराला हेच जास्त चांगलं होतं. पण जिवाशी खेळ नको."

बालाजीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळे मला धीर देत होते, आणि तो मी घेत होतो.

मी गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. तिथे उभा असताना मी हा हिशेब केला, हे कबूल करतो. दुसरं औषधही औषधच आहे. सांगून झालेलं बदलणार आहे का? वर बालाजी, पल्लवी, शाळेतले लोक, सगळ्यांसमोर मी कोण ठरेन? माझं मन अशा पळवाटा फार भराभर काढत होतं.

तेवढ्यात सुमनने मॅडमना विचारलं, "माझ्याकडून काही चुकलं का हो? पहाटं गोळ्यांच्या आधी मी जरासा चहा घेतला. ह्यांना सांगितलं न्हाई. त्यानं झालं का?"

"नाही नाही, चहाने काही होत नाही," मॅडम म्हणाल्या.

पण तिला ते पटलं नव्हतं. मी तिचा चेहरा ओळखतो. ती तो चहा मनात धरून बसणार होती, कितीतरी दिवस. आणि तिच्यासाठी चांगलं असलेलं औषध माझ्या खिशामुळे तिच्या हातून जाणार होतं.

मॅडम बाहेर पडल्या, तसा मी त्यांच्या मागे गेलो. व्हरांड्यात गाठलं आणि खिशातून गोळ्या काढून पुढे धरल्या. त्यांनी आधी गोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय आहे?"

"तिला दिल्या नाहीत. दुसऱ्याच दिल्या. साखरेच्या भीतीने."

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या भिंतीला टेकल्या आणि डोळे चोळले. दिवसभर उभ्या होत्या त्या.

"साखरेचं मला एक फोन करून सांगितलं असतं, तर मी इन्सुलिन दिलं असतं. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न होता," त्या म्हणाल्या. आणि मग, "गोळ्या घेऊनही असं होतं काहींना. त्यामुळे हे तुमच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. तुमच्यामुळे नाही झालं, असंही म्हणणार नाही."

आज इतक्या दिवसांनी मी त्याच दोन वाक्यांच्या मध्ये उभा आहे. त्यापेक्षा पक्कं उत्तर मला कुणी देऊ शकलेलं नाही.

"आता मला परत विचार करावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "माझ्या वरच्या सरांशी बोलते. कदाचित नीट तयारी करून, अगदी सावकाश, हेच औषध परत देऊन बघता येईल. पण ते सुमनताईंनी ठरवायचं, आणि सगळं माहीत असताना ठरवायचं. मी त्यांना सांगणार नाही. तुम्ही सांगा. मी उद्या सकाळी येते, त्याआधी."

*

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. सकाळची वाट पाहिली असती तर मी पळवाट शोधली असती.

सुमन उशीला टेकून बसली होती. मी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, खिशापर्यंत. तिने मधे एकदाही अडवलं नाही. शेजारच्या पलंगावर कुणाचं तरी सलाईन संपून घंटी वाजत होती.

"कंपनी बदललीय मनलात तुम्ही," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला. या मोठ्या दिसायल्यात, असं विचारलं होतं."

"हो."

"तुमच्या आईला तो बाजारातला डॉक्टर पुडी द्यायचा, तवा पुडीत काय हाय ते सांगायचा का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग तुमच्यात अन् त्याच्यात काय फरक राहिला?"

आईच्या आजारपणापासून मी त्या माणसाला शिव्या देत आलो होतो. तो मला कधी माझ्यातच दिसेल अशी कल्पना नव्हती. त्या स्टुलावर मला तो दिसला. मी रडायला लागलो. सुमनने मला रडू दिलं, पण हात पुढे केला नाही.

तेवढ्यात बालाजी डबा घेऊन आला. माझा चेहरा बघून म्हणाला, "आता काय झालं, दाजी?" सुमननेच त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्याने डबा खाली ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला. त्यानंतर काही दिवस तो माझ्याशी बोलला नाही. घरी ताटावर बसलो की बायकोला सांगायचा, "वाढ त्यांना." दाजी हा शब्दच गेला. त्याच्या घरात, त्याच्या कूलरखाली झोपून मला ते सोसावं लागलं, आणि ते योग्यच होतं.

पल्लवीला फोन करायला मी मोबाइल काढला, तर सुमन म्हणाली, "द्या इकडं. मी बोलते. तुम्ही सांगितलं तर तिला आधी तुमचंच सांत्वन करत बसावं लागेल." पल्लवीला तिने काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. पल्लवीने मला नंतर एकच मेसेज पाठवला. "बाबा, यापुढे मला विचारत जा." मी तो अजून ठेवला आहे.

*

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोन्ही वाटा सुमनपुढे मांडल्या. एक म्हणजे दुसरं औषध, जरा कमी जोराचं, पण ही भीती नाही. किंवा हेच औषध, सगळी तयारी दवाखान्यातच करून, आयसीयूत, थेंब थेंब. परत तसं होऊ शकतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

सुमनने बराच वेळ चादरीची घडी बोटांनी दाबली. मग विचारलं, "परत तसं व्हायला लागलं तर तुम्ही तिथं असाल?"

"मी शेजारी बसणार आहे."

"मग हेच द्या."

मला काहीतरी बोलायचं होतं. तिने हात वर केला. "तुम्हाला इचारलेलं न्हाई." आणि नंतर, मॅडम गेल्यावर, "त्या दिवशी तुम्ही आत नको. तुमचं तोंड बघून मला भ्या वाटायलंय."

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच तिला दाखल केलं. गोळ्या सिस्टरनी स्वतः दिल्या, पहाटेच्याही. साखरेसाठी इन्सुलिन दिलं. मी घरी बालाजीच्या पुढच्या खोलीत बसून होतो. घरात सगळं आवरलेलं होतं आणि मला करण्यासारखं काहीच नव्हतं.

औषध सुरू झालं तेव्हा मी आयसीयूबाहेरच्या बाकावर होतो. दार उघडायचं, बंद व्हायचं. आतून कुणी पळत आलं की मी उठून उभा राहायचो. पण माणसं रक्त आणायला, कागद आणायला पळत असतात. सगळी धावपळ आपल्याच माणसासाठी असते असं बाकावर बसलेल्याला वाटतं.

देवणीच्या सिस्टर एकदा बाहेर आल्या. मी उभा राहिलो. माझ्याबद्दल त्यांना सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, "सुरू हाय. हळूहळू चाललंय. चेहरा चांगला हाय." आणि दोन पावलं जाऊन परत फिरल्या. "सर, आमची बी चूक हाय. मी नुसतं तोंडानं विचारते. आता पाकीट दाखवा मनते." त्यांची काही चूक नव्हती. तरी त्यांनी ती वाटून घेतली. त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेली ही पहिली दया.

दुसरी बालाजीची. दुपारी तो आला, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मग तो उठला आणि चहाचे दोन कप घेऊन आला. एक माझ्यासमोर धरला.

"घ्या, दाजी. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत न्हाई."

मी कप घेतला. थोडा चहा सांडला. तो म्हणाला, "सांडू द्या."

दिवस कलल्यावर मॅडम बाहेर आल्या. थकलेल्या, पण हसऱ्या. म्हणाल्या, "अर्ध्याच्या वर गेलं. आता मला फारशी भीती वाटत नाही. सुमनताईंनी तुम्हाला बोलावलंय."

मी आत गेलो. सुमनच्या अंगावर तारा होत्या, डोक्यावर पल्लवीने आणलेली सुती टोपी. तोंड किंचित सुजलेलं, पण रंग तिचा होता. बाटलीतून थेंब पडत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दारात कशाला उभं राहायलात? बसा." मी बसलो. बाटली रिकामी होईपर्यंत आम्ही दोघं थेंब बघत बसलो.

*

त्यानंतरच्या सगळ्या केमो तशाच सावकाश झाल्या. मधे ऑपरेशन झालं. साखर प्रत्येक वेळी चढली आणि इन्सुलिनने उतरली. तिचा पाय शाबूत आहे. मी ज्याला घाबरलो होतो ते इतकं आटोक्यातलं होतं, हे बघताना मला दर वेळी लाज वाटायची. आता दर काही महिन्यांनी लातूरला तपासणीला जातो. आतापर्यंत ठीक आहे. पुढचं कुणी सांगत नाही, आम्हीही विचारत नाही.

केमोची तयारी करणाऱ्या घरांना मला एवढंच म्हणायचं आहे. तयारीच्या गोळ्या लहान दिसतात, बिनकामाच्या वाटतात, कधी त्रास देतात. एखादी राहिली, उलटीत पडली, भीतीने दिली नाही, तर थेंब सुरू व्हायच्या आधी सांगा. सांगितलं तर फार तर एक दिवस पुढे ढकलतील, कुणी रागावेल. आणि रुग्णाला, त्याच्या तोंडात काय जातंय, ते सांगा. आपल्याकडे घरातल्या माणसाच्या भल्यासाठी म्हणून त्याच्यापासून लपवायची सवय फार. मलाही होती, आणि त्या सवयीला मी प्रेम समजत होतो.

सुमन आता प्रत्येक गोळी हातात घेऊन विचारते, "ही कशाची?" तापाची साधी गोळी असली तरी. मी सांगतो. मग ती चष्मा लावून पाकीट स्वतः वाचते आणि मगच घेते. सुरुवातीला ते मला लागायचं. आता मी पाकीट आणि चष्मा दोन्ही शेजारी ठेवतो.

परवा डॉक्टरांनी मला बीपी आहे म्हणून गोळी सुरू केली. सकाळी सुमन पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्या तळहातावर गोळी ठेवली. म्हणाली, "ही बीपीची. रोज सकाळी एकच. नाश्ता झाल्यावर."

मी लगेच तोंडाकडे नेली.

"थांबा," ती म्हणाली आणि पाकीट पुढे केलं. "आधी वाचा."

मी वाचलं.